झांस्करला विमानाने जाताना : होडी, स्टोव्ह आणि बॅटऱ्यांचे काय करावे

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. तुम्ही तिघे मित्र दोन वर्षे कोलाडला कुंडलिकेवर कायाकिंग शिकला आहात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून दिल्लीमार्गे लेहला विमानाने जायचे आणि एका स्थानिक संस्थेच्या राफ्टच्या सोबतीने पदम ते निमू असा झांस्कर नदीचा प्रवास करायचा, असा तुमचा बेत आहे. सामानात दोन पॅकराफ्ट (हवा भरून फुगवायच्या, गुंडाळून पिशवीत मावणाऱ्या एकट्याच्या होड्या), एक प्लास्टिकची कडक कायाक, तंबू, पेट्रोलवर चालणारा जुना स्टोव्ह, तीन-चार पॉवर बँक आणि तुमच्या भावाने अमेरिकेहून पाठवलेले, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे एक छोटे यंत्र आहे. विमानतळांवरची तपासणी कडक झाल्याचे ऐकून तुम्ही ‘काय चालते आणि काय चालत नाही’ याची यादी मागितली आहे.

मी सोळा वर्षे नदीवर वाटाड्या आणि प्रशिक्षक म्हणून काम करतो आहे आणि दर हंगामात किमान दोनदा हेच सामान घेऊन विमानात बसतो. विमानतळावर अडकलेली जी माणसे मी पाहिली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशात अशी यादी होती. अडचण अशी आहे की तुमची एकच बॅग तीन वेगवेगळ्या माणसांपुढून जाते आणि तिघांचे प्रश्न वेगळे असतात. काउंटरवरचा कर्मचारी वजन आणि लांबी पाहतो. विमानाच्या सुरक्षिततेचे नियम, हवेत पेटेल किंवा फुटेल असे त्यात काही आहे का, हे विचारतात. विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफ या केंद्रीय दलाचा जवान एखादी वस्तू हत्यार म्हणून वापरता येईल का, किंवा तिच्या आत काही लपवले आहे का, हे शोधत असतो. पॉवर बँकेवर जवानाचा आक्षेप नसतो, पण ती विमानाच्या पोटातल्या सामानात गेलेली चालत नाही; चाकूचे नेमके उलटे आहे. कोणती वस्तू कोणाला आणि का खटकते हे कळले, की यादीत नसलेल्या वस्तूचा निर्णयही तुम्हाला घरी बसून घेता येतो. म्हणून मी उत्तर या तीन प्रश्नांना धरून देतो.

त्याआधी, काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगायला हवे. वजनाची मर्यादा, खेळाच्या सामानाचे शुल्क आणि लांब वस्तू घेण्याची तयारी या गोष्टी कंपनीनुसार आणि विमानाच्या प्रकारानुसार बदलतात. दिल्लीपर्यंत घेतलेली वस्तू पुढच्या विमानात घेतीलच असे नाही. तारखेचाही फरक पडतो. तुमची तारीख १५ ऑगस्टच्या अगदी जवळची आहे आणि त्या दिवसांत देशभरच्या विमानतळांवर दरवर्षी तपासणी वाढवतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि त्यानंतर मे महिन्यात उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते. लेह त्यांत होते. त्याच वेळी नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने सर्व विमानतळांवर शिडीजवळची, म्हणजे विमानात चढण्याच्या अगदी आधीची, दुसरी तपासणी सक्तीची केली, टर्मिनलमध्ये सोडायला येणाऱ्यांना बंदी केली, आणि कंपन्यांनी प्रवाशांना तीन तास आधी पोचायला सांगून उड्डाणाच्या ७५ मिनिटे आधी काउंटर बंद करायला सुरुवात केली. अशी कडक वेळ पुन्हा येईल की नाही हे तुमच्या हातात नाही, पण ती आलीच तर बॅग दोनदा उघडावी लागेल हे गृहीत धरून भरणे तुमच्या हातात आहे.

आता आगीकडे येतो, कारण कॅम्पिंगच्या सामानात सगळ्यांत जास्त वस्तू इथेच अडकतात.

गॅसचा डबा, मग तो स्क्रूचा असो की लांब नळीचा, भरलेला असो की अर्धा संपलेला, ना हातात नेता येतो ना चेक-इनमध्ये. काडेपेटी आणि लायटरही आपल्याकडे दोन्हीकडे चालत नाहीत. परदेशात एक लायटर खिशात चालतो असे तुमच्या भावाने सांगितले असेल, तर ते तिथल्यासाठी खरे आहे, मुंबईच्या तपासणीत त्याचा उपयोग नाही. शेकोटी पेटवायच्या पांढऱ्या वड्या, समुद्रावर वापरायचे फ्लेअर आणि ज्वलनशील द्रावक असलेला गोंद यांनाही तोच नियम आहे. गोंदाची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पॅकराफ्टच्या दुरुस्तीच्या पाकिटात बहुधा एक छोटी ट्यूब असते आणि ती इतकी लहान असते की तिच्याकडे कोणी इंधन म्हणून पाहत नाही. पण तिच्यावर ज्वालेचे चिन्ह छापलेले असेल तर ती घरी ठेवा. मी तिच्याऐवजी पॅकराफ्टच्या कापडाला चालणाऱ्या चिकट पट्ट्या आणि पट्टी चिकटवण्याआधी जागा पुसायला सुके फडके नेतो. नदीकाठी सात दिवस टिकेल एवढी दुरुस्ती त्याने होते.

तुमच्या पेट्रोलच्या स्टोव्हबद्दल नियम आणि अनुभव हे दोन्ही वेगवेगळे सांगतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे द्रव इंधनाचा वापरलेला स्टोव्ह चेक-इन सामानात नेता येतो, मात्र त्यासाठी विमान कंपनीची आधी मंजुरी लागते, टाकी पूर्ण रिकामी करून किमान एक तास निथळत ठेवावी लागते, मग टोपण काढून किमान सहा तास उघडी ठेवावी लागते, आणि नंतर टोपण घट्ट लावून, ती टिपकागदासारख्या शोषक कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे लागते. यामागचे कारण साधे आहे. पेट घेते ती इंधनाची वाफ. टाकीच्या तळाशी चमचाभर पेट्रोल उरले तरी बंद टाकीत त्याची वाफ साठत राहते.

काही वर्षांपूर्वी मी माझा स्टोव्ह साबणाच्या गरम पाण्याने धुतला, दोन दिवस गच्चीत उन्हात उघडा ठेवला आणि कंपनीचे मंजुरीचे पत्र घेऊन विमानतळावर गेलो. मला बॅग उघडायला बोलावले. अधिकाऱ्याने टोपण फिरवून बाटली नाकाशी नेली. वास आला नाही. मग त्याने पंपाचा दांडा उपसून बाहेर काढला आणि त्याच्या टोकाचे चामड्याचे वॉशर अंगठ्याने दाबले. अंगठ्यावर तेलकट ओल उमटली आणि पेट्रोलचा वास मी उभा होतो तिथपर्यंत आला. मी बाटली धुतली होती, पण पंप धुतला नव्हता, आणि धुतला असता तरी त्या चामड्याने इंधन सोडले नसते. स्टोव्ह तिथेच राहिला आणि अधिकाऱ्याचा निर्णय योग्य होता. तेव्हापासून वापरलेला पेट्रोलचा स्टोव्ह मी विमानाने नेलेला नाही.

तुम्हालाही माझा सल्ला तोच आहे, आणि तुमच्या बाबतीत तो पाळणे सोपे आहे. तुम्ही संस्थेच्या राफ्टबरोबर जात आहात, म्हणजे स्वयंपाकघर राफ्टवर असेल. ‘सकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण तुमच्याकडे आहे ना’ हे विचारून घ्या. तरीही स्वतःचा स्टोव्ह हवाच असेल तर गॅसवर चालणारा फक्त वरचा बर्नर न्या. त्यात इंधन साठतच नाही, त्यामुळे तपासणीत त्याला वासही नसतो आणि हरकतही नसते. डबा लेहच्या बाजारात ट्रेकिंगच्या दुकानातून घ्या. घेताना दोन गोष्टी पाहा : तुमच्या बर्नरला स्क्रूचा डबा लागतो की लांब नळीचा, आणि डब्यात नुसता ब्युटेन आहे की आयसोब्युटेन-प्रोपेनचे मिश्रण. ब्युटेन समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या किंचित खाली उकळतो, म्हणून पहाटेच्या थंडीत त्याची ज्योत मरगळते. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो आणि झांस्करच्या काठी त्याचा उपयोग होतो.

इथे एक गोष्ट आपल्या मराठी सामानाबद्दल सांगायला हवी. नदीत उतरण्याआधी नारळ वाढवायची आपल्याकडे रीत आहे आणि घरून डब्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही दिल्या जातात. सुके खोबरे विमानात हातातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापू शकते आणि म्हणून ते धोकादायक मालात मोडते. वाट्या घरी ठेवा. माझ्या तुकडीतले लोक झांस्करला ओंजळभर पाणी आणि साखर वाहतात. नदीला तेवढे पुरते असे मला वाटते.

बॅटऱ्यांचा नियम चेक-इनमध्ये जाणाऱ्या स्टोव्हच्या बरोबर उलटा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि सगळ्या पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायच्या. लिथियम बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये ती लगेच दिसते आणि कर्मचारी पाणी ओतून तिला थंड करू शकतात. विमानाच्या पोटात तिच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. पॉवर बँकेवर फक्त मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असेल तर त्या आकड्याला ३.७ ने गुणून १,००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर होते. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी विचारावी लागत नाही, १०० ते १६० मध्ये कंपनीची मंजुरी लागते, आणि त्यापुढे नेताच येत नाही. म्हणून २७,००० पर्यंतची घ्या. ३०,००० ची १११ होते आणि काउंटरवर वाद होतो. जिच्यावरची छपाई घासून गेली आहे ती नेऊ नका, कारण तिची क्षमता तपासणाऱ्याला वाचता आली पाहिजे. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. साधे अल्कलाइन सेल मात्र मी चेक-इनमध्ये टाकतो, कारण संवेदनशील विमानतळांवर हातातले सुटे सेल काढून ठेवायला लावल्याचे मी अनेकदा पाहिले आहे आणि चेक-इनमध्ये त्यांना बंदी नाही.

पॅकराफ्टवाल्यांनी एक वस्तू आवर्जून शोधावी : हवा भरायचा चिमुकला विजेचा पंप. तो मुठीएवढा असतो, त्याच्या आत लिथियम बॅटरी असते, आणि माणसे तो पॅकराफ्टच्या गुंडाळीतच ठेवून सगळी गुंडाळी चेक-इनला देतात. तो बाहेर काढून केबिन बॅगेत ठेवा. हेडलॅम्प, हेल्मेटवरचा कॅमेरा आणि तंबूतला चार्जिंगचा दिवा यांचेही तेच करा. निघण्याच्या आदल्या रात्री तिघांनी एकत्र बसून सगळे सामान जमिनीवर पसरा आणि बॅटरी असलेली प्रत्येक वस्तू मोठ्याने मोजा. माझ्या एका विद्यार्थ्याची पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या पिशवीत राहून गेली. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तो सुरक्षा तपासणीच्या पलीकडे होता आणि कानांत इअरफोन होते. त्याच्याविना विमान गेले नाही, पण त्याच्या बॅगेविना गेले, आणि ती बॅग दुसऱ्या दिवशी आली. म्हणून बॅग दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे काउंटरच्या आसपास थांबा आणि तिकिटावर दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवा.

धारदार आणि जड वस्तूंबद्दल फार लिहावे लागणार नाही, कारण त्या सगळ्या चेक-इनमध्ये जातात : तंबूच्या खुंट्या, ट्रेकिंगच्या काठ्या, मल्टिटूल, प्रथमोपचारातली कात्री, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), थ्रो बॅगमधला, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायच्या पिशवीतला दोर, वल्ह्याचे चार तुकडे. विसरतो तो लाइफ जॅकेटच्या छातीवरचा चाकू. आपण तो कायम तिथेच अडकवलेला ठेवतो, हाताला त्याची सवय झालेली असते आणि डोळ्यांना तो दिसेनासा होतो. वजन वाचवायला जॅकेट अंगात घालून किंवा केबिन बॅगेला बांधून जाणारे असतात, आणि तपासणीच्या पट्ट्यावर जॅकेट गेले की पडद्यावर सगळ्यांत आधी तो चाकूच दिसतो. लाइफ जॅकेट भरताना प्रत्येक खिशात हात घाला. तुमची जॅकेटे फोमची असतील, त्यांत अडचणीचे आणखी काही नसते. हिसका दिला की फुगणारे, आत कार्बन डायऑक्साइडची कुपी असलेले जॅकेट मालवण-गोव्याकडचे समुद्रावर जाणारे लोक वापरतात. त्याला कुप्यांच्या संख्येची मर्यादा आहे आणि कंपनीची मंजुरी आधी घ्यावी लागते.

आता भावाने पाठवलेल्या यंत्राबद्दल, आणि हे मी सगळ्यांत गंभीरपणे लिहीत आहे. ते मुंबईच्या घरीच ठेवा. भारतात उपग्रह फोन आणि उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश पाठवणारी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. नारिंगी रंगाचे, ट्रेकिंगच्या दुकानात सहज मिळणारे हे यंत्र अमेरिकेत किंवा युरोपात कोणी विचारत नाही, पण आपल्याकडच्या विमानतळांवर अशाच यंत्रामुळे परदेशी पर्यटकांना ताब्यात घेऊन त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले आहेत. ‘मला माहीत नव्हते’ हे खरे असले तरी तेवढ्यावर सुटका होत नाही, आणि लडाख हा सीमेवरचा प्रदेश आहे. ही वस्तू जप्त होऊन प्रश्न संपत नाही; तुमचे पूर्ण प्रवासाचे दिवस पोलीस ठाण्यात जातील.

यंत्र नेण्यामागची तुमची काळजी मात्र खरी आहे, कारण झांस्करच्या घळीत मोबाइलला रेंज नसते आणि काही दिवस बाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. म्हणून संस्थेला विचारा की त्यांच्याकडे बीएसएनएलचा परवानाधारक उपग्रह फोन आहे का, आणि नसल्यास घळीतून निरोप बाहेर कसा पाठवतात. कोणत्या रात्री कुठे मुक्काम आहे आणि कोणत्या वेळेपर्यंत निमूला पोचला नाहीत तर कोणी कोणाला फोन करायचा, हे लिहून एक प्रत घरी आणि एक लेहमध्ये ठेवा. शिवाय लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत. तिघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.

होडीचा निर्णय तुम्हाला आवडणार नाही, तरी स्पष्ट सांगतो : कडक कायाक विमानाने नेऊ नका. ती अडीच मीटरहून लांब असते आणि वीस किलोच्या आसपास भरते. तीन मापांची बेरीज १५८ सेंटिमीटर ही चेक-इन बॅगेची नेहमीची मर्यादा ती एकट्या लांबीतच ओलांडते. फोनवर कोणी ‘घेऊ’ म्हटले तरी त्या दिवशीच्या विमानाच्या पोटात जागा आहे की नाही हे सामान चढवणाऱ्यांच्या हातात असते, आणि लेहला जाणाऱ्या विमानांत जागा व वजन दोन्ही मोजून मापून असतात. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असते, दुपारी ती तापून आणखी विरळ होते आणि वारेही सुटतात. म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळी होतात आणि निघताना विमानाला नेहमीपेक्षा कमी वजन घ्यावे लागते. अशा वेळी मागे राहते ते सगळ्यांत मोठे आणि बोजड सामान. कायाक तिथेच भाड्याने घ्या, किंवा संस्थेची गाडी मनालीमार्गे सामान घेऊन जाणार असेल तर तिच्या टपावरून पाठवा.

पॅकराफ्ट मात्र विमानासाठीच जन्मल्यासारखी आहे. एका माणसाचा हिशेब करून पाहा. पॅकराफ्ट ४ किलो, चार तुकड्यांचे वल्हे १.१, लाइफ जॅकेट १, हेल्मेट ०.७, ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख) २, थ्रो बॅग ०.८, पाण्यातले बूट ०.८, तंबू २.२, स्लीपिंग बॅग १.४, मॅट ०.५ आणि कपडे ३. बेरीज साडेसतरा किलो होते, आणि बॅगेचे वजन वेगळे. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन मिळते, म्हणजे काहीतरी हातात घ्यावेच लागणार. मी हेल्मेट, ड्रायसूट, बूट, औषधे आणि बॅटऱ्या केबिन बॅगेत ठेवतो. वजनापेक्षा दुसऱ्या एका कारणासाठी मी तसे करतो : चेक-इन बॅग एक दिवस उशिरा आली तर तंबू आणि वल्हे लेहमध्ये उसने मिळतील, पण माझ्या डोक्याला बसणारे हेल्मेट आणि माझ्या मानेला पाणी आत येऊ न देणारा ड्रायसूट मिळणार नाही. झांस्करचे पाणी हिमनद्यांचे आहे. ड्रायसूटशिवाय त्यात उतरू नका. त्याच कारणाने तिघांचे सामान अदलाबदल करून भरा. दोन्ही पॅकराफ्ट एका बॅगेत आणि सगळी वल्ही दुसऱ्या बॅगेत, असे करू नका. जास्तीचे वजन लागणारच असेल तर ते आधीच ऑनलाइन विकत घ्या. काउंटरवर त्याचा दर जास्त पडतो.

बॅग कशी भरायची हेही महत्त्वाचे आहे, कारण एक्स-रेच्या पडद्यावर आपले सामान विचित्र दिसते. कार्बनच्या पोकळ नळ्या, त्यांच्याभोवती गुंडाळलेली वायर, मध्ये पंप, आणि हे सगळे रबरी कापडाच्या जाड गुंडाळीत : हे चित्र पाहून जवानाने बॅग बाजूला काढली नाही तरच नवल. वल्ह्याचे तुकडे एकाच बाजूला समांतर ठेवा, वायरी वेगळ्या जाळीदार पिशवीत ठेवा, आणि पॅकराफ्टच्या व हवेच्या पिशव्यांच्या झडपा उघड्या ठेवा, म्हणजे बंद पोकळ्या राहत नाहीत आणि उंचीवर त्या फुगत नाहीत. माझ्या प्रत्येक बॅगेत सगळ्यांत वर एक पारदर्शक पाकीट असते. त्यात नदीवर पॅकराफ्टमध्ये बसलेल्या माणसाचा छापील फोटो, आतल्या वस्तूंची हिंदी आणि इंग्रजी नावे, आणि माझा फोन नंबर असतो. एकदा एका तरुण जवानाने पंपाकडे बोट दाखवून ‘ये क्या है?’ विचारले. मी काही बोलण्याआधी त्याच्या वरिष्ठाने तो फोटो उचलून त्याला दाखवला आणि दोघे मिळून, एवढ्याशा गुंडाळीतून एवढी होडी कशी होते, हे मला विचारू लागले. केबिन बॅगेतल्या वस्तूही अशाच पिशव्यांत ठेवा, कारण शिडीजवळची तपासणी असेल तर रांगेत उभे राहून ती पुन्हा उघडावी लागेल. बॅग स्वतः उघडा, हिंदीत शांतपणे सांगा, आणि घाई असल्याचे सांगू नका.

मुक्कामांचे नियोजन सामानाच्या दृष्टीनेही करा. लेहला उतरल्यावर उंचीची सवय होण्यासाठी दोन दिवस विश्रांती घ्यायचीच आहे. मागे राहिलेली बॅग याच दोन दिवसांत येऊन पोचते. हे दिवस कापून पहिल्याच सकाळी पदमची गाडी पकडलीत तर तब्येतही जाईल आणि बॅगही मागे राहील.

परतीचा प्रवास लोक विसरतात, आणि माझ्या अनुभवात जास्त अडचणी परतताना येतात. ओला ड्रायसूट आणि ओली पॅकराफ्ट मिळून सहज दोन किलो वाढतात. निमूला वाळू झटकून, लेहमध्ये स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण एक दिवस सावलीत आणि वाऱ्यावर सुकवा. तिथली हवा इतकी कोरडी आहे की संध्याकाळपर्यंत शिवणीसुद्धा सुकतात. पॅकराफ्टच्या पुढच्या टोकाशी, शिवणीच्या आत, मूठभर वाळू हमखास राहते. ती पडद्यावर घट्ट काळ्या गोळ्यासारखी दिसते, म्हणून होडी उलटी धरून ते टोक हाताने चोळून रिकामे करा. नदीतले गोटे आणू नका, आणि मणी-दगड, म्हणजे प्रार्थनेचे मंत्र कोरलेले दगड, तर मुळीच उचलू नका. ते तिथल्या लोकांनी श्रद्धेने ठेवलेले असतात. उरलेला गॅसचा डबा संस्थेला देऊन टाका. लेहहून निघताना तपासणीचे टप्पे जास्त असतात आणि सकाळच्या सगळ्या विमानांची गर्दी एकदमच होते, म्हणून तीन तास आधी पोचा आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी कामावर हजर होण्याचे वचन कोणाला देऊ नका.

या आठवड्यात दोन ई-मेल करा. पहिला विमान कंपनीला : पॅकराफ्ट, वल्ही आणि वापरलेला नसलेला गॅस बर्नर यांची मापे व वजने लिहून विचारा आणि आलेले उत्तर छापून सोबत ठेवा. दुसरा लेहच्या संस्थेला : कायाक चालवणाऱ्या तुमच्या मित्राची उंची, वजन आणि बुटाचे माप कळवून त्याच्यासाठी कायाक आणि स्प्रे स्कर्ट (कंबरेला बांधून कायाकचे तोंड झाकणारे, पाणी अडवणारे आवरण) राखून ठेवायला सांगा, आणि त्या कायाकच्या बैठकीच्या तोंडाचे माप मागवा, म्हणजे घरचा स्प्रे स्कर्ट तिला बसतो का ते निघण्याआधीच कळेल.